मॅच जिंकली कोर्टवर, हरला कोर्टाबाहेर

एकही मॅच फिक्स केली नाही, डोपिंग केलं नाही, अम्पायरशी साधी हुज्जतही घातली नाही. तरीही बॅडमिंटनमध्ये जगात दुसऱ्या नंबरवर असलेला एकवीस वर्षांचा पोरगा ऑलिम्पिक चार महिन्यांवर आलेलं असताना घरी बसला. जपानमध्ये हे का झालं? आणि त्यानंतर काय झालं?

३ एप्रिल २०१६. रविवार. दिल्लीचं सिरी फोर्ट स्टेडियम.

इंडिया ओपनची फायनल. एका बाजूला डेन्मार्कचा उंचापुरा व्हिक्टर ॲक्सेलसन, दुसऱ्या बाजूला जपानचा डावखुरा केंटो मोमोता. मोमोतानं दोन गेममध्ये मॅच संपवली. नेटजवळ त्याचा हात इतका हलका की शटल पलीकडे पडतं की नुसतं ओघळतं, तेच कळू नये. रिओ ऑलिम्पिक ऑगस्टमध्ये होतं आणि पुरुष एकेरीच्या पदकासाठी ज्यांची नावं घेतली जात होती, त्यात हा होता.

१० एप्रिल २०१६. पुन्हा रविवार. मध्ये बरोबर सात दिवस गेलेले.

जपानच्या बॅडमिंटन संघटनेनं जाहीर केलं, की केंटो मोमोतावर अनिश्चित काळासाठी बंदी घालण्यात येत आहे. रिओ संपलं. ते खेळायला सुरुवात व्हायच्या आधीच.

आता तुम्ही म्हणाल, एका आठवड्यात असं काय आभाळ कोसळलं?

काय केलं होतं त्यानं?

तो कॅसिनोत गेला होता. टोकियोतल्या एका बेकायदा कॅसिनोत. जपानमध्ये घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावता येतात, पाचिंकोची दुकानं गल्लोगल्ली आहेत, पण कॅसिनोला तेव्हा कायद्यानं परवानगी नव्हती. मोमोता तिथे सहा वेळा गेला आणि सुमारे ५ लाख येन हरला. त्या वेळच्या दरानं साधारण तीन लाख रुपये.

त्याला तिथे नेणारा होता केनिची टागो. मोमोताच्याच कंपनीच्या टीममधला सीनिअर, वय सव्वीस. २०१०च्या ऑल इंग्लंडचा उपविजेता, लंडन ऑलिम्पिक खेळलेला. २०१४मध्ये दिल्लीतच जपाननं पहिल्यांदा थॉमस कप जिंकला, त्या टीममध्ये टागो आणि मोमोता दोघंही होते. टागोचा आकडा मोठा होता. साठेक फेऱ्या आणि सुमारे १ कोटी येन पाण्यात.

बातमी फुटली तेव्हा मोमोता मलेशियात पुढची स्पर्धा खेळायला गेला होता. तिथून त्याला परत बोलावून घेतलं. ८ एप्रिलला दोघं काळ्या सुटात कॅमेऱ्यांसमोर उभे राहिले, कमरेत वाकून माफी मागितली. मोमोताला पुन्हा खेळायची संधी मिळावी, अशी विनंती टागोनं तिथे केली. स्वतःसाठी नाही, त्याच्यासाठी.

दोन दिवसांनी निर्णय आला. टागोची खेळाडू म्हणून नोंदणीच अनिश्चित काळासाठी रद्द. कंपनीनंही त्याला कामावरून काढलं. मोमोताची नोंदणी राहिली, पण खेळायला बंदी. कंपनीकडून तीस दिवसांचं निलंबन.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. या सगळ्यात बॅडमिंटनवर पैसे लावल्याचा आरोप नव्हता. मॅच विकल्याचा नव्हता. कोर्टवरचा त्याचा प्रत्येक पॉइंट स्वच्छ होता. मग ‘फेअर प्ले’चा संबंध आला कुठून?

कंपनीचा खेळाडू

हे समजायला जपानमध्ये बॅडमिंटनपटू जगतो कसा, ते बघावं लागतं.

आपल्याकडे बॅडमिंटन म्हटलं की अकादमी डोळ्यांसमोर येते. जपानमध्ये येते कंपनी. शाळा-कॉलेजमध्ये चमकलेल्या पोराला एखादी मोठी कंपनी नोकरी देते. तो त्या कंपनीचा कर्मचारी होतो आणि तिच्या टीममधून खेळतो. मोमोता आणि टागो ‘एनटीटी ईस्ट’ या टेलिफोन कंपनीचे. टोनामी ही मालवाहतूक करणारी कंपनी, तेव्हा युनिसिस या नावानं ओळखली जाणारी कंपनी कॉम्प्युटर क्षेत्रातली. यांच्याही टीम आहेत आणि या टीम्सची आपापसात लीग असते. पगार कंपनी देते, कोच कंपनीचा, हॉल कंपनीचा. नोझोमी ओकुहारासारखी खेळाडू २०१९मध्ये कंपनीची टीम सोडून स्वतंत्र व्यावसायिक झाली, तेव्हा ती मोठी बातमी ठरली. यावरूनच कळावं, की रूढ वाट कोणती आहे.

म्हणजे जपानी खेळाडूच्या छातीवर तीन नावं असतात. स्वतःचं, कंपनीचं आणि देशाचं. यातलं कुठलंही एक काढलं तर बाकीची दोन डळमळतात.

त्यात भर नोंदणीची. देशातल्या अधिकृत स्पर्धेत उतरायचं तर संघटनेकडे नाव नोंदवलेलं हवं. परदेशातल्या स्पर्धांची एन्ट्रीसुद्धा खेळाडू स्वतः पाठवत नाही, देशाची संघटना पाठवते. तुम्ही जगात दुसरे असा नाहीतर दोनशेवे, संघटनेनं नाव पाठवलं नाही तर तुम्ही फक्त घरी बसून मॅच बघणारे एक प्रेक्षक.

त्या वर्षी हवाही तापलेली होती. काही महिन्यांपूर्वीच जपानच्या सगळ्यात लोकप्रिय बेसबॉल टीममधले पिचर बेसबॉलवरच पैसे लावताना सापडले होते. तिघं आधी आणि मार्चमध्ये चौथा. सुमो कुस्तीतही २०१०मध्ये असाच धुरळा उडालेला. बेकायदा अड्ड्यांवरचा पैसा शेवटी गुन्हेगारी टोळ्यांच्या खिशात जातो, ही तिथली जुनी भीती. जो खेळाडू अड्ड्यावर कर्जात बुडाला, त्याला उद्या कुणी म्हटलं की ‘दुसरा गेम जरा सोड, हिशोब मिटवू’, तर तो नाही म्हणू शकेल का? संघटनेचा कडकपणा या प्रश्नातून आला होता. चोरी झाल्यावर कुलूप लावण्यापेक्षा आधीच लावलेलं बरं, असा हिशोब.

गंमत बघा, त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये जपानच्या संसदेनं देशात कॅसिनोंना वाट मोकळी करून देणारा कायदा मंजूर केला. मोमोता तेव्हा बंदीतच होता.

आमच्या टीममधला ‘तो’

हे सगळं वाचताना मला राहून राहून आमच्या कॉलेजच्या टीममधला एक जण आठवत होता. त्याचं नाव नको, कॉलेजचंही नको.

तो आमचा सगळ्यात भारी प्लेअर होता. इंटरकॉलेजिएटच्या आधी कळलं, की त्याची अटेंडन्स भरत नव्हती म्हणून मित्र त्याची प्रॉक्सी लावत होते. अटेंडन्स नाही तर टीममध्ये नाव नाही, हा नियम. सरांनी त्याला काढलं. आम्ही सगळे चिडलो. ‘सर, पण तो कोर्टवर कधी चीटिंग करत नाही ना!’ असं मीच म्हणाले होते. शटल त्याच्या बाजूला लाइनवर पडलं तर तो स्वतःहून ‘इन’ म्हणायचा, समोरच्यानं विचारायच्या आधी.

आज मी बावीसची आहे, मास कॉम झालंय, इथे इंटर्नशिप करतेय आणि प्रामाणिकपणे सांगते, सर चुकले होते असं आता मला वाटत नाही. त्याच्या जागी ज्याचं नाव आलं तो पोरगा रोज सकाळी साडेसातच्या लेक्चरला येऊन बसायचा आणि मग प्रॅक्टिसला यायचा. त्याच्यासाठी तो नियम हाच फेअर प्ले होता.

पण एक गोष्ट मला तेव्हाही खटकली आणि आजही खटकते. आमच्या त्या मित्राला कुणी सांगितलंच नाही, की शिक्षा किती दिवसांची आहे. एका स्पर्धेपुरती? एका वर्षापुरती? त्यानंही विचारलं नाही. पुढच्या वर्षी अटेंडन्स पूर्ण भरली असती तरी तो परत आला नसता, कारण दार उघडं आहे की बंद, हेच त्याला माहीत नव्हतं. त्यानं रॅकेट विकलं. शिक्षा झाली एका स्पर्धेची आणि गेला अख्खा खेळ.

मोमोताच्या गोष्टीचा पुढचा भाग म्हणूनच मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

दोनशे ब्याऐंशी

मोमोताची बंदीही कागदावर ‘अनिश्चित’च होती. पण त्याला हाकललं नव्हतं. कंपनीनं नोकरीवर ठेवलं, त्याचा सराव सुरू राहिला. रिओत जपानकडून पुरुष एकेरी खेळला शो सासाकी, तिशी ओलांडलेला अनुभवी गडी. त्याच रिओत मिसाकी मात्सुतोमो आणि अयाका ताकाहाशी यांनी जपानला बॅडमिंटनमधलं पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण मिळवून दिलं. तिसऱ्या गेममध्ये १६-१९ असं मागे असताना सलग पाच पॉइंट घेऊन! ओकुहाराला ब्राँझ मिळालं. (उपांत्य फेरीत तिला आपल्या सिंधूनं हरवलं होतं, आठवतंय ना?) सगळा देश नाचत होता आणि मोमोता घरी होता.

मे २०१७मध्ये, म्हणजे तेरा महिन्यांनी, बंदी उठली. सायतामामधल्या देशांतर्गत स्पर्धेतून तो परतला आणि ती स्पर्धा त्यानं जिंकली.

पण इथे दुसरा नियम आडवा आला. बॅडमिंटनची जागतिक क्रमवारी मागच्या बावन्न आठवड्यांतल्या कामगिरीवर ठरते. वर्षभर खेळलाच नाहीत तर पॉइंट एकेक करून गळून पडतात. त्यासाठी वेगळी शिक्षा कुणी द्यावी लागत नाही. दोन नंबरवर असलेला मोमोता घसरून २८२व्या क्रमांकावर आला होता.

२८२! म्हणजे मोठ्या स्पर्धांचे दरवाजे बंद. तिथे एन्ट्री क्रमवारीनुसार मिळते. मग वर्षभरापूर्वी सुपर सिरीजच्या फायनल खेळणारा हा माणूस कॅनडा, बेल्जियम, चेक प्रजासत्ताक, नेदरलँड्स, मकाऊ अशा खालच्या पातळीवरच्या स्पर्धा खेळत फिरला. कॅनडात तर फायनलमध्ये स्वतःच्याच देशाच्या कांता त्सुनेयामाकडून हरला. कुणी वाइल्ड कार्ड देऊन वर उचललं नाही. पायऱ्या होत्या, त्या सगळ्या चढायच्या होत्या.

तो चढला. २०१८च्या सुरुवातीला राष्ट्रीय संघात परत आला. एप्रिलमध्ये आशियाई विजेता. ऑगस्टमध्ये नानजिंगला चीनच्या शी युचीला त्याच्याच देशात, दोन सरळ गेममध्ये हरवून जगज्जेता. पुरुष एकेरीत जगज्जेता झालेला तो पहिला जपानी. सप्टेंबरमध्ये क्रमवारीत नंबर एक. २८२ ते १, साधारण सव्वा वर्षात.

२०१९मध्ये त्यानं ११ स्पर्धा जिंकल्या. एका मोसमात पुरुष एकेरीची इतकी विजेतेपदं आधी कुणी मिळवली नव्हती. त्या वर्षी बासेलच्या जागतिक स्पर्धेत उपांत्य फेरीत त्यानं आपल्या साईप्रणीतला हरवलं. साईप्रणीतचं ते ब्राँझ भारतासाठी फार मोठं होतं, पण मोमोतासमोर त्या दिवशी कुणाचंच काही चाललं नसतं.

जिंकायचं नाही, असं ठरवून

मोमोताची चूक कोर्टाबाहेरची होती. पण कोर्टवर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत अन्याय झाला तर?

३१ जुलै २०१२, लंडन ऑलिम्पिक, वेम्बली अरिना. महिला दुहेरी. चीनची यू यांग-वांग शियाओली ही अव्वल जोडी सर्व्हिस मुद्दाम नेटमध्ये मारत होती. समोरची कोरियन जोडीही तेच करत होती. दोघींनाही हरायचं होतं! कारण गटात दुसरं आलं तर बाद फेरीत सोपा रस्ता मिळत होता. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, रेफरी कोर्टवर येऊन समज देऊन गेले. त्याच रात्री दुसरी कोरियन जोडी आणि इंडोनेशियाची जोडी यांच्यातही तोच तमाशा. दुसऱ्या दिवशी चारही जोड्या, म्हणजे आठ खेळाडू, ऑलिम्पिकमधून बाद. कलम कोणतं? जिंकण्यासाठी पूर्ण प्रयत्न न करणं आणि खेळाला काळिमा फासणं.

आता यातला आपल्याला माहीत असायला हवा असा भाग. ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा ज्या गटात होत्या, त्यात जपानची फुजी-काकीइवा आणि तैपेईची जोडी होती. तिघींचेही दोन-दोन विजय झाले. शेवटच्या सामन्यात जपानी जोडी तैपेईकडून हरली आणि आपल्या मुली अवघ्या एका पॉइंटच्या फरकानं बाहेर पडल्या. एका पॉइंटच्या! भारतानं त्या सामन्याबद्दल तक्रार केली. ती फेटाळली गेली. जपानी जोडीवर कसलाही ठपका आला नाही आणि पुढे तिनं रौप्यपदक जिंकलं. जपानचं बॅडमिंटनमधलं ते पहिलं ऑलिम्पिक पदक.

इथे आपली गोची होते. आपण भारतीय म्हणून वाटतं, काहीतरी काळंबेरं असणार. पण हरणं आणि मुद्दाम हरणं यात फरक आहे आणि तो सिद्ध करावा लागतो. शिक्षा द्यायची तर संशय पुरत नाही. हाही फेअर प्लेच, आपल्या विरोधात गेला तरी.

अजून एक. त्याच दिवशी, त्याच ऑलिम्पिकमध्ये, कार्डिफला जपानच्या महिला फुटबॉल टीमनं दक्षिण आफ्रिकेशी ०-० बरोबरी केली. दुसऱ्या शहरात प्रवास टाळण्यासाठी गोल करू नका असं आपणच सांगितलं होतं, हे कोच नोरिओ सासाकी यांनी नंतर उघडपणे मान्य केलं. फुटबॉलच्या जागतिक संघटनेनं काहीच कारवाई केली नाही. एक दिवस, एक ऑलिम्पिक, जवळपास एकच डावपेच. एका खेळात आठ जणी घरी, दुसऱ्या खेळात सगळ्या पुढच्या फेरीत.

बॅडमिंटननं मात्र धडा घेतला. नुसत्या खेळाडूंना शिक्षा करून गप्प बसले नाहीत, नियम बदलला. रिओपासून दुहेरीत गटात दुसऱ्या आलेल्या जोड्यांचा ड्रॉ गटसाखळी संपल्यावर पुन्हा काढायचं ठरलं. मुद्दाम दुसरं येऊन फायदाच नाही, मग हरेल कोण? ज्या नियमामुळे माणूस चुकीच्या वाटेला लागतो, तो नियमही तपासायला हवा, हे मला यातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटलं.

खेळायलाच हवं!

आतापर्यंत आपण न खेळू देणारे नियम बघितले. बॅडमिंटनमध्ये खेळायलाच लावणारे नियमही आहेत.

जागतिक संघटनेनं २०१८पासून ठरवलं, की एकेरीतल्या पहिल्या पंधरा आणि दुहेरीतल्या पहिल्या दहा जोड्यांनी वर्षात किमान बारा ठरावीक मोठ्या स्पर्धा खेळल्याच पाहिजेत. चुकवली तर ५ हजार डॉलरचा दंड. दुखापत असेल तर सूट, पण पुरावा द्यावा लागतो. आपला मुंबईचा चिराग शेट्टी आणि सात्विक वरच्या क्रमांकावर असतात, तेव्हा त्यांनाही हाच नियम. प्रेक्षकांनी तिकीट काढलं तर स्टार दिसले पाहिजेत, प्रायोजकांना चेहरे हवेत, हे तर्काला धरून आहे. पण शरीर खेळाडूचं आहे, हेही खरं. जपानी खेळाडूला त्यात कंपनीची लीग आणि डिसेंबरमधली राष्ट्रीय स्पर्धा वेगळीच.

मग एक नियम असा, की कितीही चांगले असाल तरी ऑलिम्पिकला एका देशाच्या दुहेरीच्या जास्तीत जास्त दोनच जोड्या. जपानच्या महिला दुहेरीत टोकियोच्या आधी तीन जोड्या जगात वरच्या आठात होत्या. मात्सुमोतो-नागाहारा दोनदा जगज्जेत्या. फुकुशिमा-हिरोता तीनदा उपविजेत्या. तिसरी जोडी मात्सुतोमो-ताकाहाशी. होय, रिओत सुवर्ण जिंकणाऱ्या त्याच! स्वतःच्या देशात ऑलिम्पिक, गतविजेत्या, तरीही त्या शर्यतीत मागे पडल्या आणि २०२०च्या ऑगस्टमध्ये ताकाहाशीनं निवृत्ती जाहीर केली. कुणी अन्याय केला का? नाही. वशिला चालला का? तोही नाही. पॉइंट मोजले, वरच्या दोघी गेल्या. नियम न्याय्य असला तरी तो बोचत नाही, असं थोडंच आहे?

आणि मोमोता? १३ जानेवारी २०२०. मलेशिया मास्टर्स जिंकून दुसऱ्या दिवशी पहाटे विमानतळाकडे निघालेली त्याची व्हॅन पुढच्या ट्रकवर आदळली. व्हॅनचा चालक जागीच गेला. मोमोताच्या डोळ्याजवळचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली. सव्वीसाव्या वर्षी टोकियोत तो घरच्या ऑलिम्पिकला उतरला, अव्वल मानांकित म्हणून, आणि गटसाखळीतच कोरियाच्या हिओ क्वांग-हीकडून हरला. रिओ नियमानं घेतलं, टोकियो अपघातानं. २०२४च्या एप्रिलमध्ये त्यानं आंतरराष्ट्रीय खेळातून निवृत्त होत असल्याचं सांगितलं. ऑलिम्पिक पदक नाहीच.

नियम करणाऱ्यांचं काय?

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही. २०२२मध्ये समोर आलं, की जपानच्या बॅडमिंटन संघटनेतल्याच एका माजी कर्मचाऱ्यानं काही वर्षांपूर्वी संघटनेच्या पैशाचा अपहार केला होता आणि संघटनेनं ते प्रकरण जाहीर केलं नव्हतं. खेळाडूंना कॅमेऱ्यासमोर वाकून माफी मागायला लावणारी हीच संघटना! नंतर फुटबॉलच्या जे-लीगचे माजी प्रमुख मित्सुरू मुराई यांना बाहेरून आणून २०२३मध्ये अध्यक्ष केलं गेलं.

खेळाडूची चूक सात दिवसांत निकाली निघते आणि कार्यालयातली चूक वर्षानुवर्षं फाइलमध्ये पडून राहते, हे चित्र काही फक्त जपानचं नाही. तुमच्या कॉलेजच्या जिमखान्यात, तालुक्याच्या स्पर्धेत, कुठेही डोकावून बघा.

चौकट : हे नियम माहीत आहेत?

- बॅडमिंटनपटूला बॅडमिंटनच्या सामन्यांवर पैसे लावायला बंदी आहे. सामना स्वतःचा असो की दुसऱ्याचा.
- मॅच फिक्स करण्यासाठी कुणी गाठलं, तर नुसतं नाही म्हणून चालत नाही. ते कळवावं लागतं. लपवलं तरी गुन्हा.
- २०१८मध्ये मलेशियाच्या झुल्फादली झुल्किफ्लीवर २० वर्षांची, तर तान चुन सियांगवर १५ वर्षांची बंदी आली. कारण, मॅच फिक्सिंग.
- २०२१च्या जानेवारीत इंडोनेशियाच्या आठ खेळाडूंवर कारवाई झाली. तिघांवर आजन्म बंदी, बाकीच्यांवर सहा ते बारा वर्षांची.
- सर्व्हिस करताना रॅकेट शटलला लागेल तेव्हा अख्खं शटल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली हवं. २०१८पासून उंच-बुटके सगळ्यांना एकच माप.

दार

पुन्हा त्या एकवीस वर्षांच्या पोराकडे येऊ. त्याच्या बाबांनी त्याचं नाव केंटो ठेवलं ते सुपरमॅनवरून, क्लार्क केंटवरून. शाळेसाठी तो घरापासून लांब फुकुशिमात राहायचा. २०११च्या भूकंपात अणुभट्टीजवळची ती शाळाच दुसरीकडे हलवावी लागली. एवढ्या सगळ्यातून वर आलेल्या मुलानं सहा रात्रींसाठी ऑलिम्पिक घालवलं. शिक्षा जास्त होती का? मी मित्रमैत्रिणींना विचारलं तर निम्मे म्हणाले ‘जास्तच’, निम्मे म्हणाले ‘बरोबर’. माझं मत विचाराल तर शिक्षा व्हायलाच हवी होती. ऑलिम्पिक चार महिन्यांवर आहे म्हणून सोडलं असतं, तर नियम फक्त २८२व्या नंबरवाल्यांसाठी उरला असता.

पण त्या शिक्षेचं भलं झालं ते तिला शेवट होता म्हणून. तेरा महिने, मग खालच्या स्पर्धा, मग पायऱ्या. दार बंद केलं, पण कडी बाहेरून कायमची घातली नाही. टागोसाठी मात्र जपानच्या संघातलं दार पुन्हा उघडलं नाही. दोघांत फरक करावा की नाही, यावर तुम्ही वाद घालू शकता. घालाच.

गेल्या महिन्यात मी आमच्या त्या मित्राला मेसेज केला. ‘रविवारी हॉलवर येतोस का? डबल्सला एक जण कमी आहे.’ दोन दिवस ब्लू टिक नुसती दिसत राहिली. मग उत्तर आलं : ‘रॅकेट नाहीये माझ्याकडे.’

मी लिहिलं, माझ्याकडे दोन आहेत.

तो आला. पहिल्याच गेममध्ये शटल त्याच्या बाजूला लाइनवर पडलं. आम्ही कुणी काही म्हणायच्या आत त्यानं हात वर केला आणि म्हणाला, ‘इन.’